शेजाऱ्यांच्या धर्मकार्यात परधर्मीयानं कुठवर सहभागी व्हावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजारचं कुटुंब दुसऱ्या धर्माचं आहे. सण असो की घरातलं कार्य, ते अगत्यानं बोलावतात. विचारणाऱ्या ताईंची स्वतःच्या धर्मावर मनापासून श्रद्धा आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, तिकडे फिरकूही नकोस. मैत्रिणी म्हणतात, एवढं काय त्यात, ते करतात तसं करून मोकळी हो. मग जायचं कुठवर, थांबायचं कुठं, आणि थांबलं तर शेजारी दुखावतील का?

वेगवेगळ्या धर्मांच्या कुटुंबांना एकमेकांच्या कार्यांना नेणं आणि त्याआधी दोन्हीकडच्यांशी बोलून घेणं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यावरून सांगते, "या सणाला जाऊ की नको?" असा प्रश्न घेऊन बसलात तर उत्तर सापडणार नाही. सण ही एकच एक गोष्ट नसते. त्यात शुभेच्छा देणं आहे, घरी जाणं आहे, पंगतीला बसणं आहे, कामाला हात लावणं आहे. प्रार्थना चालू असताना तिथं असणं आहे, प्रार्थना स्वतः म्हणणं आहे. आणि कुठंतरी 'मी या श्रद्धेचा आहे' असं जाहीर करणारी एखादी कृतीही आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यायचा. घरातले 'जाऊ नकोस' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शेवटची कृती असते, आणि मैत्रिणींच्या मनात पहिल्या तीन-चार. म्हणून दोघांचं पटत नाही.

शेवटच्या प्रकाराबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या कृतीनं माणूस त्या धर्मात प्रवेश करतो किंवा आपली श्रद्धा नव्यानं जाहीर करतो, ती कृती पाहुण्यानं केवळ सौजन्यापोटी करू नये. इस्लाममधला कलिमा, म्हणजे शहादा ही श्रद्धेची साक्ष, मनापासून उच्चारणं हाच त्या धर्मातला प्रवेश आहे. बौद्ध उपासकासाठी त्रिशरण ही शरण जाण्याची कबुली आहे. शिखांचं अमृतपान ही तर दीक्षाच. सगळे म्हणताहेत म्हणून आपणही म्हटलं, असं इथं करायचं नाही. तुम्हाला त्यात काही वाटत नसेल, पण ज्यांनी ते शब्द आयुष्यभर जपले त्यांना वाटतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कॅथलिक चर्चमध्ये होताना मी पाहते, म्हणून तिथलं जरा तपशिलात सांगते. लग्न किंवा नाताळ असतो, पाहुणे बाकांवर बसलेले असतात. मिस्साविधीच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, उत्तरार्धात एकेक बाक उठायला लागतो आणि लोक मधल्या वाटेनं वेदीकडे जातात. आपला अख्खा बाक उठला की पाहुणाही उठतो, कारण एकट्यानं बसून राहणं अवघड वाटतं. रांग पुढं सरकते. धर्मगुरू छोटी पांढरी भाकर समोर धरून म्हणतात, "ख्रिस्ताचं शरीर." समोरचा "आमेन" म्हणतो आणि मग ती हातावर किंवा जिभेवर घेतो. ते 'आमेन' म्हणजे 'होय, माझा यावर विश्वास आहे' अशी संमती असते. ही भाकर घेण्याच्या विधीला कम्युनियन म्हणतात. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा संस्कार, न झालेल्या माणसाला ते देता येत नाही. इतर पंथांच्या ख्रिस्ती माणसांनाही ते मोजक्याच परिस्थितीत देता येतं आणि त्याचे नियम चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत घालून दिलेले आहेत. म्हणजे पाहुणा पुढं गेला तर धर्मगुरू अडचणीत येतात आणि पाहुणाही. सोपी वाट अशी की बसून राहायचं, गुडघे बाजूला घेऊन इतरांना जाऊ द्यायचं. कुणीही वळून पाहत नाही. पुष्कळ ठिकाणी छातीवर दोन्ही हात एकमेकांवर ठेवून रांगेत गेलं तर धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात. पण ही पद्धत सगळीकडे नाही, आधी विचारून घ्यावं. सगळ्या चर्चचा नियमही सारखा नाही. युनायटेड मेथडिस्ट चर्च आपलं कम्युनियन सर्वांसाठी खुलं ठेवतं. ऑर्थोडॉक्स चर्च ते फक्त आपल्या सभासदांनाच देतं, पण प्रार्थनेनंतर आशीर्वादित साधी भाकर पाहुण्यांनाही देण्याची रीत तिथं बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून 'ख्रिस्ती लोकांत असं असतं' असं मी कधीच सांगत नाही. शेजारी कोणत्या चर्चला जातात, ते विचारा.

आता मधला, खरा अवघड भाग. एखाद्या फोटोपुढं वाकणं, धूप लावणं, फूल वाहणं, आरतीला उभं राहणं. ही पूजा की आदर? हा प्रश्न नुसता तुम्हा-आम्हाला पडलेला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मात्तेओ रिची हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू चीनमध्ये गेले. तिथं घरोघरी पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढं लोक वाकत, धूप लावत. ख्रिस्ती झालेल्या चिनी माणसानं हे करावं का? रिचींच्या मते हा घराण्याचा आदर होता, पूजा नव्हे. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांच्या धर्मगुरूंना ती पूजाच वाटली. रोमनं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य पीठानं, १६४५ मध्ये मनाई केली, १६५६ मध्ये सवलत दिली. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०४ आणि १७१५ मध्ये पुन्हा मनाई केली, चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि शेवटी १९३९ मध्ये, बारावे पायस पोप असताना, मुभा मिळाली. जवळजवळ तीनशे वर्षं हा वाद चालला. मधल्या काळात, १७०० साली, खुद्द कांग्शी सम्राटानं लेखी सांगितलं होतं की हे विधी आदराचे आहेत. ज्यांची रीत, त्यांचंच म्हणणं बाजूला पडलं. पुढं त्याच सम्राटानं ख्रिस्ती धर्मप्रचारावर बंदी घातली.

यातून मी माझ्या कामासाठी एक पद्धत घेतली. कृती बाहेरून पाहून तिचा अर्थ ठरवायचा नाही. घरच्या माणसांनाच विचारायचं, "तुमच्यासाठी हे काय आहे?" एका घरी उत्तर येतं, "अहो, आमच्या आजोबांची आठवण आहे, दोन फुलं ठेवायची." दुसऱ्या घरी त्याच कृतीला "हे आमचं दैवत" म्हणतात. पहिल्या घरी फूल ठेवायला तुमचं मन तयार होईल, दुसऱ्या घरी कदाचित नाही. दोन्ही निर्णय प्रामाणिकच आहेत.

ज्यांना वाटतं की दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात नुसतं उभं राहिलं तरी धर्म बुडतो, त्यांना मी बायबलमधला नामान दाखवते. 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ही हकिकत आहे. हा अरामचा सेनापती इस्राएलच्या देवाचा भक्त होतो. पण त्याचा राजा रिम्मोन या आपल्या देवाच्या देवळात त्याच्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा यालाही वाकावं लागतं. त्याबद्दल तो अलीशा संदेष्ट्याकडे आधीच क्षमा मागतो. अलीशा त्याला रागावत नाही, म्हणतो, "शांतीनं जा."

इस्लामच्या परंपरेतही असा आधार आहे. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या हदीस संग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, पैगंबरांचे सहकारी अब्दुल्ला इब्न अम्र यांची नोंद आहे. त्यांच्या घरी मेंढी कापली होती. त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, "आपल्या यहुदी शेजाऱ्याला दिलं का?" कारण पैगंबरांनी शेजाऱ्याबद्दल इतकं बजावलेलं होतं. परधर्मीयांना सणाच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही, यावर मात्र मुस्लिम विद्वानांत खरा मतभेद आहे. चौदाव्या शतकातले विद्वान इब्न तैमिया अशा शुभेच्छांच्या सक्त विरोधात होते. इजिप्तच्या दार अल-इफ्ता या धार्मिक मत देणाऱ्या अधिकृत संस्थेनं ख्रिस्ती लोकांना नाताळच्या शुभेच्छा देणं योग्य ठरवलेलं आहे. तुमच्या घरातले मोठे 'आपल्या धर्मात चालत नाही' म्हणाले तर वाद घालू नका. फक्त शांतपणे विचारा, नेमकी कोणती गोष्ट चालत नाही? घरी जाणं? जेवणं? की पूजेत बसणं? बहुतेक वेळा विरोध एकाच गोष्टीला असतो, आणि बाकीचं सगळं मोकळं होतं.

उलट बाजूही तितक्याच आदरानं पाहायला हवी. काही माणसांनी स्पष्ट प्रतिज्ञा घेतलेल्या असतात. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक वाढदिवस आणि नाताळही साजरे करत नाहीत. १९५६ मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, असं स्वच्छ म्हटलेलं आहे. अशा शेजाऱ्याला "नुसता नमस्कार तर करा" असा आग्रह करणं म्हणजे त्याला त्याचा शब्द मोडायला सांगणं. इथं मला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा निकाल नेहमी आठवतो. केरळमधल्या, यहोवाचे साक्षीदार असलेल्या तीन भावंडांना शाळेनं काढून टाकलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुलं आदरानं उभी राहत, पण गात नसत. न्यायालयानं म्हटलं, उभं राहण्यातच आदर आला. गायला लावता येणार नाही. त्यांना शाळेत परत घ्यावं लागलं. गप्प उभं राहणं हा अपमान नसतो, एवढं दोन्ही बाजूंना पटलं तरी अर्ध्या अडचणी संपतात.

तुमचं मन कितीही मोठं असो, यजमानांचा नियम आधी. काही दारं बाहेरच्यांसाठी बंद असतात. भारतातल्या अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात आणि काठमांडूच्या पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना जाता येत नाही. ज्यांचं मन यानं खट्टू होतं त्यांना मी सांगते, त्याच पारशी घरातल्या नवजोतीला, म्हणजे मुलांच्या धर्मदीक्षेच्या कार्याला, तुम्हाला अगत्यानं बोलावलं जातं. दुसरीकडे गुरुद्वारात कुणालाच आडकाठी नाही. जोडे काढा, हातपाय धुवा, डोकं झाका, खिशात तंबाखू-सिगारेट नको. गुरू ग्रंथ साहिबपुढं माथा टेकण्याची सक्ती पाहुण्यावर नसते, शांतपणे जाऊन बसलं तरी चालतं. लंगरला सगळ्यांबरोबर पंगतीत खालीच बसायचं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये प्वेब्लो या मूळ रहिवासी लोकांच्या उत्सवातली नृत्यं पाहायला बाहेरचेही जातात, पण तिथं टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण ती प्रार्थना आहे. परवानगीशिवाय फोटो तर अजिबात नाही. फोटोंचं मी सगळ्यांनाच बजावते. सनातनी यहुदी घरी शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, तर फोन बाहेर काढणंसुद्धा बरं दिसत नाही.

जेवणाबद्दल दोन्ही अंगांनी बोलायला हवं. नेताना काय न्यावं हे आधी विचारा. यहुदी घरी वल्हांडण या सणाच्या दिवसांत ब्रेड, केक, बिस्किटं असं काही नेऊ नका. घरातला असला कण न् कण त्यांनी साफ केलेला असतो. कोशर (यहुदी आहारनियम) किंवा हलाल पाळणाऱ्यांकडे, जैनांकडे आपल्या घरचं शिजवलेलं नेण्यापेक्षा अख्खी फळं बरी, तीही विचारून. खाताना अडचण येते ती देवाला दाखवलेल्या अन्नाची. बायबलमधल्या संत पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना याबद्दल फार व्यवहारी सल्ला दिलेला आहे: कुणी जेवायला बोलावलं तर पुढं येईल ते चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून. मुस्लिम आणि यहुदी मित्रांचे नियम याहून कडक असू शकतात. तुम्हाला प्रसाद घ्यायचा नसेल तर हात जोडून, हसून, "मी नाही घेत, राग मानू नका," म्हणा. घ्यायचा असेल तर थोडाच मागा. पण हातात घेऊन मागच्या मागे टाकून देणं, हे मात्र कुणीही करू नये. नकार कुणी मनात ठेवत नाही. टाकलेला प्रसाद दिसला, तर ते मनात राहतं.

नकार कसा द्यायचा, याचाच प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. मी सांगते, आधी द्या, बोलावणाऱ्यालाच द्या, आणि सुरुवात 'मी काय करणार' यानं करा. ऐनवेळी, दहा पाहुण्यांसमोर, आरतीचं ताट समोर आल्यावर मागं सरकलात तर यजमान गोंधळतात. त्यापेक्षा दोन दिवस आधी जाऊन सांगा: "काकू, मी सकाळपासून येते, पाहुण्यांचं चहापाणी माझ्याकडे द्या. फक्त आरतीच्या वेळी मी मागं उभी राहीन, आमच्यात ते करत नाहीत. चालेल ना?" अशा बोलण्यावर "नको येऊस मग" म्हणालेली काकू मला अजून भेटलेली नाही. बहुतेक वेळा काकूच पुढं सगळ्यांना सांगून ठेवतात, आणि कुणी ताट घेऊन आग्रह करायला आलंच तर त्याच अडवतात.

कामाला हात लावणं या गोष्टीला मी फार महत्त्व देते. एका इमारतीतला मुस्लिम तरुण शेजारच्या वयस्क जोडप्याच्या घरच्या पूजेत बसत नसे. पण त्या दिवशी म्हाताऱ्या पाहुण्यांना जिना चढवून आणणं, त्यांच्या चपला नीट लावून ठेवणं, जाताना रिक्षात बसवून देणं हे सगळं त्याचं. घरातल्यांना तो पूजेत नव्हता हे आठवतही नाही. इफ्तारला गेलात तर असंच. उपवास तुम्ही करायलाच हवा असं नाही, पण सूर्यास्तापर्यंत थांबा, सगळ्यांबरोबर पहिला घास घ्या, आणि घरचे मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजाला उभे राहिले की लहान मुलांकडे बघा. तेवढी मदत त्यांना हवीच असते.

आता एक गोष्ट, जी लोकांच्या लक्षातच येत नाही. जिवलग शेजारी कधीकधी प्रेमापोटी एखादं पद देऊ करतात, साक्षीदार व्हा, मुलीचे धर्मपिता व्हा. काही पदांना श्रद्धेची अट असते. कॅथलिक लग्नाला दोन साक्षीदार लागतात, ते कोणत्याही धर्माचे चालतात. पण बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा धर्ममाता कॅथलिकच लागते. निकाहचे साक्षीदार परंपरेनं मुस्लिम असतात, यहुदी लग्नाचे यहुदी. म्हणून हो म्हणण्याआधी त्यांच्या धर्मगुरूंना विचारायला सांगा. आयत्या वेळी नाव बदलावं लागलं तर दोन्ही घरांना वाईट वाटतं.

दुःखाच्या प्रसंगी मात्र मी हे सगळे हिशेब बाजूला ठेवायला सांगते. सणाला नाही जमलं तरी चालेल, मयताला जा. जनाजाच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, नमाजात उभं राहायचं नसेल तर रांगांच्या मागं शांत थांबा. मूठभर माती द्यायची असेल तर घरच्या कुणाला तरी नजरेनं विचारा, ते खूण करतात. यहुदी घरात 'शिवा' नावाचा सात दिवसांचा शोककाळ असतो. तिथं फुलं नेत नाहीत. आत जाऊन बसायचं, आणि ज्याचं माणूस गेलं तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. तो नाहीच बोलला, तरी थोडा वेळ बसून परत यायचं. प्रार्थनेचे शब्द येत नाहीत म्हणून न गेलेली माणसं मला भेटतात. तिथं शब्दांची अपेक्षा कुणालाच नसते.

मुलांच्या बाबतीत एवढंच, की तुमचा निर्णय त्यांना कारणासकट सांगा. "ते चुकीचं करतात" असं कारण देऊ नका. "त्यांची प्रार्थना अशी, आपली अशी" एवढं लहान मुलालाही कळतं. नाहीतर तेच वाक्य ते उद्या शेजारच्या मुलाला ऐकवेल.

आणि शेवटी, तुमच्या घरच्या कार्याला त्यांनाही बोलवा, पण जी मोकळीक तुम्हाला हवी होती ती त्यांना न मागता द्या. बोलावतानाच सांगून ठेवा: किती वेळ चालेल, जोडे कुठं काढायचे, खाली बसावं लागेल का, जेवणात काय आहे, प्रार्थना कधी सुरू होईल. त्या वेळी त्यांना गच्चीवर किंवा दुसऱ्या खोलीत बसायचं असेल तर तिथं दोन खुर्च्या मांडून ठेवा.